उठलेली गावं

४ ऑगस्ट २००३, सोमवार

बसलं! टोपोशीट बसलं! सर्वेच्या नकाशाचे चारी कोपरे कॉम्प्युटरवर जागच्या जागी! परवापासून उदगीर तालुका नुसता आंध्रात घसरून राहिला होता. एक कोपरा पक्का केला की दुसरा सुटायचा. काल तर मांजरा नदी लातूरच्या बसस्टँडवरून वाहायला लागली होती. आज सगळं गपगुमान बसलं. मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली, तर संगूदादा दारात उभा. म्हणे, "काय झालं, लॉटरी लागली काय?" म्हटलं, त्याहून मोठं.

दादाला काय सांगणार! त्याचा सगळा दिवस हणमंतराव सरांच्या लातूरच्या फिजिक्स क्लासचं ऑफिस सांभाळण्यात जातो. पण कॉम्प्युटर माझ्या भावामुळंच मिळाला, हे कबूल. सकाळी मी टेस्टचे पेपर टाईप करून द्यायचे, मग संध्याकाळच्या बॅचपर्यंत मशीन माझं. हणमंतराव सरांना वाटतं मी कॉम्प्युटर शिकून राहिले. वाटू दे.

खरं काम असं. दीडशे-एकशेसाठ वर्षांमागं आपल्या भागात कुणब्यांनी बंड केलं. कंटिंजंट नावाच्या फौजेविरुद्ध — पगार निजामाच्या खजिन्यातून, साहेब सगळे इंग्रज! नांदेडच्या वसंतराव सरांनी जुनी मोडी कागदं वाचून उठलेल्या गावांची यादी काढली. पण हीच गावं का? शेजारची का न्हाई? तर गावं नकाशावर मांडायची, त्यांच्यावर पाऊस, माती, शेतसारा असे एकेक थर चढवायचे, आणि कारण कुठल्या थराखाली सापडतं बघायचं. आमच्याकडं असं अजून कुणी केलेलं न्हाई. कुणीच न्हाई!

ऑक्टोबरात नांदेडला समिती बसणार. विषय पास झाला तर पीएच.डी. आणि फेलोशिप. न्हाई झाला तर दिवाळीनंतर हणमंतराव सरांच्या क्लासात फुल टाईम बॅच इन्चार्ज. अप्पांनी त्यांना तसा शब्द देऊन टाकलाय. मला न विचारता! आणि मीपण रागारागात म्हणून बसले — हाव, चालंल. कारण विषय पास होणार. मला पक्कं मालूम आहे.

६ ऑगस्ट

दिवसभर लाईट न्हाई. यूपीएस थोडा वेळ किंचाळला आणि मेला. मी दादाशी विनाकारण भांडले.

१२ ऑगस्ट

एसटीडीवरून वसंतराव सरांना फोन. म्हटलं सर, पावसाचा थर तयार झाला. तर सर ठणठणीत आवाजात, "सिंधु, उत्तर मला ठाऊक आहे. भूक! चाळीस वर्षं तेच लिहितोय मी. दुष्काळ पडला, वसुली थांबली नाही, लोकांनी तलवारी काढल्या. तू फक्त रंगवून दाखव."

रंगवून दाखव म्हणे! जशी मी रांगोळीच्या स्पर्धेत बसले. पण सरांवर चिडता येत न्हाई. बी.ए.ला असताना आमच्या कॉलेजात त्यांचं एक व्याख्यान झालं, तेवढ्यावर मी इतिहास घेतला. घरात सगळे म्हणत होते डी.एड. कर.

अव्वा आम्हा दोघा लेकरांसाठी गावाहून दही घेऊन आली होती. प्रिंट बघून म्हणते, "ही काय गोधडी शिवून राहिलीस, सिंधे?" खरंच तशीच दिसते. काळी माती, तांबडी माती, मुरूम.

१९ ऑगस्ट

डोकं फिरवलं या मशीननं! दरडोई जमीन किती, हे काढायला घेतलं. आजची लोकसंख्या त्या काळाला लावणं म्हणजे अंधारातलं काम, पण तुलनेला काहीतरी पाहिजे ना. तर म्हणे, शून्यानं भागता येत न्हाई. अरे बाबा, कोण भागतंय शून्यानं? डोळे फुटेस्तोवर ओळी वाचल्या तेव्हा कळलं. जनगणनेच्या यादीत काही गावांपुढं लोकसंख्या चक्क शून्य! नाव आहे, जमीन आहे, कोड नंबर आहे, माणूस एक न्हाई.

माणूसच न्हाई तर बंड कोण करणार? सगळी शून्यं निवडली आणि काढून टाकली. एका झटक्यात साफ. लगेच नकाशा असा काही झळकला! पिवळा, नारंगी, लाल. मला इतका आनंद झाला की सकाळचे राहिलेले दोन पेपर हसत हसत टाईप करून टाकले.

२५ ऑगस्ट

काहीच जुळत न्हाई.

पाऊस कमी असलेली गावं गप्प बसलेली. भरपूर पाऊस असलेली बंडात. माती — न्हाई. सारा — न्हाई. सगळ्यात गरीब गावांनी तर बोट उचललं न्हाई! वरून सरांच्या यादीतली नऊ गावं माझ्या जनगणनेच्या यादीत सापडतच न्हाईत. येळणूर, हंचगाळ, शेळंबा... कुठं आहेत ही? मोडी वाचताना सरांची नजर चुकली असंल. हे त्यांना कोण सांगणार? मी तर न्हाई.

फार वाईट वाटून राहिलंय. इतके दिवस गोधडीच शिवली.

२८ ऑगस्ट

काल पोळ्याला गावी गेले. गावी म्हणजे नव्या गावी. भूकंपानंतर आमचं गाव नदीकाठावरून उचलून वर डांबरी रस्त्याला आणून बसवलं. सरळ गल्ल्या, सारखी घरं, नंबर घातलेले सेक्टर. अव्वाची अजून तक्रार की शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात न्हाई.

पुरणपोळी वाढली आणि दारात जीप थांबली. कुठले तरी साहेब, पाहणीला. अप्पांनी खुर्च्या काढल्या, अव्वानं चहा टाकला. साहेब गेल्यावर अप्पा सुरू झाले. "जुनं गाव आत व्हतं, चिखलात. साहेबाची जीपच यायची न्हाई. सुखी व्हतो! आता रोडवर आणून बसीवलं. जो उठतो त्यो आपल्या दारात."

अव्वा आतून, "भूकंपानंतर दोन वर्सं माझ्या चुलीला दम न्हवता. मंत्री आला, च्या कर. ब्यांकेचा साहेब आला, च्या कर. फॉरेनचे पाव्हणे आले, खाटा काढ. आतल्या वाडीवर कोन गेलं? कुनीबी न्हाई! तकलीफ सगळी रोडवरच्या गावाला."

मी पोळी तोंडात धरून तशीच बसले. रस्ता! पाऊस घेतला, माती घेतली, सारा घेतला — रस्ता घेतलाच न्हाई! अप्पा म्हणाले, "काय गं, ठसका लागला का?" म्हटलं, अप्पा, तुम्ही ग्रेट आहात. ते बावरले. अव्वा म्हणते, "आन मी?" म्हटलं, तू डबल ग्रेट! सकाळी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं.

२ सप्टेंबर

जुळलं जुळलं जुळलं!!!

सरांनी दिलेल्या जुन्या इंग्रजी नकाशाच्या झेरॉक्सवर एक तुटक रेघ आहे. अंबाजोगाईच्या छावणीतून उदगीरवरून पुढं जाणारी पलटणीची वाट. तिला मी आजवर घडीचा डाग समजत होते! तीन दिवस बसून ती गिरवली. मग रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन कोसांचा पट्टा टाकला. बंडातली गावं जवळजवळ सगळी त्या पट्ट्यात! माळेत मणी ओवावे तशी!

भूक न्हाई सर, पाव्हणे! फौज आली की चारा द्या, लाकूड द्या, कोंबड्या द्या, तोफेच्या गाड्याला बैल जुंपा, नसतील तर माणसं जुंपा. वेठ! दुष्काळ आतल्या गावांनापण होता, पण आत साहेब जात नव्हता. बंड पोटानं न्हाई केलं, खांद्यानं केलं.

आता एकच खडा. पलटण दिवसाला पाच-सहा कोस चालायची. तितक्या तितक्या अंतरावर मुक्काम पडायला पाहिजे, आणि मुक्कामाच्या गावाला सगळ्यात जास्त जाच. पण नेमक्या त्याच जागांवर माझ्या नकाशात गावच न्हाई! मोकळी शेतं. मग फौज काय झाडावर झोपली?

५ सप्टेंबर

शिक्षकदिन. पोरांनी हणमंतराव सरांना कमरेपर्यंत हार घातला. सर हारासकट मशीनपाशी आले, नकाशा बघितला, म्हणाले, "छान हाय. पन यातून सीईटीला किती मार्काचं येतं?"

म्हटलं, अनिवार्य प्रश्न आहे सर. ते गंभीर होऊन गेले. संगूदादा हसून हसून भिंतीला टेकला.

१७ सप्टेंबर

मुक्तिदिनाचं झेंडावंदन. भाषण करणारे म्हणाले, मराठवाड्याचा शेतकरी सोशीक. मनात म्हटलं, तुम्हाला काय मालूम!

त्या रिकाम्या जागांनी पाठ सोडली न्हाई. झेंड्याकडं बघतानापण मला अंतरंच दिसून राहिली.

३० सप्टेंबर

भूकंपाला दहा वर्षं झाली. गावात कार्यक्रम होता. स्तंभावरची नावं मी यंदाही वाचली न्हाईत. माझ्या वर्गातल्या सहाजणी आहेत तिथं. नंतर कधीतरी.

कार्यक्रमात तहसीलचे कोणी साहेब बोलत होते. "जुने गावठाण आज बेचिराग आहे..." बेचिराग हा तलाठ्यांचा शब्द. जिथं चिराग न्हाई, दिवा लावायला माणूस न्हाई असं गाव. जमीन कागदावर असते, नावही असतं. म्हणजे — लोकसंख्या शून्य! ती शून्यं मी काढून टाकलीत! मीच!!

मी तिथून निसटायच्या घाईत होते, तर पुण्याहून पेपरवाली एक ताई आलेली, वही उघडून अव्वापुढं बसलेली. अव्वा सांगत होती, "गाव उठलं तवा पयल्यांदा मी जातं घेतलं. लेकरं सांभाळायला मानसं व्हती, जात्याला कोन?"

ताईनं विचारलं, "गाव उठलं म्हणजे आंदोलन केलंत का तुम्ही? कुणाविरुद्ध?"

अव्वा तिच्याकडं बघतच राहिली. मग फिदीफिदी हसली. दहा वर्षांत या तारखेला मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. "न्हाई वं माय! उठलं म्हंजी उठलं. चुली-मडकी घेतली आन निघालं. रिकामं झालं. बाजार उठतो न्हाई का, तसं!"

सरांच्या यादीत प्रत्येक नावापुढं मोडीतून उतरवलेला तोच शब्द आहे. "मौजे येळणूर उठले." "मौजे हंचगाळ उठले." सरांनी वाचलं — तलवारी काढल्या. मीपण तेच वाचलं! शेतकऱ्याची पोर असून! आमचं स्वतःचं गाव उठलेलं असून!

१ ऑक्टोबर

शून्यं परत घातली.

नऊच्या नऊ गावं आली. येळणूर, हंचगाळ, शेळंबा, सगळी. आणि कुठं आली? त्या रिकाम्या जागांवर! बरोब्बर मुक्कामाच्या ठिकाणी, एकेक दिवसाच्या चालीवर! मी किंकाळीच फोडली. शेजारच्या खोलीत टेस्ट चालू होती. सगळी बॅच उठून उभी राहिली. त्यांना वाटलं भूकंप!

दादा धावत आला, मी त्याच्या गळ्यात पडून रडायला लागले. तो बिचारा पाठीवर थोपटून म्हणून राहिला, "फाईल उडाली का? दुसरी करू, रडू नको."

म्हणजे असं झालं असणार : पलटण येणार अशी खबर लागली की सगळं गाव जनावरं-दाणागोटा घेऊन निघून गेलं. साहेब मुक्कामाला आला तर चारा न्हाई, पोहरा न्हाई, गाडा ओढायला माणूस न्हाई. एक गाव न्हाई, ओळीनं नऊ! यादीतली बाकीची गावं फौज गेल्यावर परत वसली, ही नऊ आलीच न्हाईत. ना तलवार, ना बंदूक. अख्खी फौज उपाशी! ह्याला म्हणतात बंड! काय डोकं होतं आपल्या लोकांचं!

३ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. सगळं, एका दमात.

मग सर म्हणाले, "माझ्या पुस्तकाचं नाव लक्षात आहे ना तुझ्या?" आणि फोन ठेवला.

आहे लक्षात. त्यात "सशस्त्र" हा शब्द आहे. आता काय करू? सरांच्या सहीशिवाय विषय पुढं जात न्हाई. पण खोटं कसं बोलू? नकाशा समोर दिसून राहिलाय!

८ ऑक्टोबर

नांदेडहून येतानाच्या एसटीत लिहून राहिले. अक्षर वाकडं येणार.

सरांनी सही केली होती. समितीत मात्र माझ्याकडं बघेनात. मी पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत सुरुवात केली, पण पडद्यावर रस्त्याचा थर आला आणि माझी भीतीच गेली. मग मी काय बोलले! हात करून करून बोलले! शून्याची गावं एकेक करून आणली तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी "अरे वा" म्हटलं. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई.

मग अध्यक्ष म्हणाले, "गाव सोडून पळणं म्हणजे बंड कसं?" म्हटलं, सर, तुमच्याकडं न सांगता शंभर पाव्हणे येणार आहेत आणि तुम्ही कुलूप लावून निघून गेलात, तर पाव्हण्यांना काय वाटंल? सगळे हसले.

पण बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, शांत, चष्म्याच्या. त्या हसल्या न्हाईत. "नकाशा उत्तम आहे. पण ही माणसं गेली, हे तुम्हाला कशावरून माहीत? पटकीनं मेली नसतील? फौजेनं कापली नसतील? शून्य म्हणजे शून्य. गेली असतील तर कुठं गेली ते दाखवा. एक तरी खूण दाखवा."

मी त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचं बरोबर होतं. दहा नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली. तोवर खूण मिळाली तर विषय पास, न्हाईतर फेलोशिप दुसऱ्या कुणाला.

बाहेर कँटीनमध्ये सर समोर येऊन बसले. बशीत चहा ओतला, प्यायले न्हाईत. "उठले," म्हणाले. "तीन अक्षरं. त्यांच्यावर मी अख्खं पुस्तक उभं केलं."

मी विचारलं, "राग आलाय का सर?"

"आलाय. स्वतःचा. तुझाही थोडा आलाय, खोटं कशाला बोलू." मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, "पण मोकळ्या जागेत गाव उगवलं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला गं! कुठे गेले ते शोध. पुस्तक मी पुन्हा लिहितो."

सत्तरीतला माणूस म्हणतो, पुन्हा लिहितो! मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. पडलेपण.

१६ ऑक्टोबर

शोधून राहिले. नकाशावर शेजारच्या गावांची लोकसंख्या तपासली, कुठं अचानक फुगलीय का. त्या काळचे आकडेच न्हाईत. सर म्हणतात, मोडीतपण काही न्हाई. कारकुनाला सारा देणाऱ्या गावाशी मतलब. सारा थांबला की त्याच्यासाठी गाव संपलं.

वरून बघून जागा दिसते, माणूस दिसत न्हाई. पण आशा सुटली न्हाई माझी. ती माणसं होती. हुशार होती. मरायला न्हाई निघाली होती.

१९ ऑक्टोबर

येळणूरच्या रानात जाऊन आले. दादानं क्लासची मोटारसायकल आणली. सोयाबीन, एक चिंच, दोन जोती, एक बुजलेली विहीर. शेतमालकाला विचारलं, इथली माणसं कुठं गेली? म्हणे, "गेली कुठंतरी. मेली असतील." तो सहज म्हणाला. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. दादानं बघितलं आणि येताना चहाला गाडी थांबवली.

२६ ऑक्टोबर, पाडवा

गावी. अव्वानं ओवाळलं. अप्पांनी विषय काढला. "हणमंतरावांना शब्द दिला हाय. सोमवारच्याला जायचं बग, तीन तारखेला."

म्हटलं, अजून मुदत आहे.

"आगं, एकशेसाठ वर्सांमागची मानसं! मेली काय, गेली काय. तुला त्येचं काय इतकं?"

मी बोलणार नव्हते, पण सगळं तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, अप्पा, आत्ता कुणी येऊन म्हटलं की भूकंपात तुमचं गाव संपलं, एकही माणूस उरला न्हाई, तर? जुन्या गावठाणापुढंपण उद्या शून्यच लिहितील.

अप्पा तटकन म्हणाले, "असं कसं? आपन हाव की!"

"मग तेच म्हणून राहिले मी! तेपण होते. त्यांच्यातल्यापण कुणीतरी म्हणायला पाहिजे ना, आम्ही हाव म्हणून!"

अप्पांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. मग हळूच म्हणाले, "खूण घावली तर मीच हणमंतरावांना सांगतो, पोरगी येत न्हाई म्हनून. पन शब्द हाय, सुरू तर कर." अव्वानं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मला रडू आलं आणि भूकपण लागली, दोन्ही एकदम.

१ नोव्हेंबर

काहीच घावलं न्हाई. परवा क्लासला. साडीला इस्त्री केली.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिली बॅच. दोनशे पोरं, सगळ्या मराठवाड्यातून आलेली — लोहा, जळकोट, चाकूर, कुठून कुठून. माईक दिला, हजेरी घ्यायला सांगितली. आधी आडनाव, मग नाव. मी यंत्रासारखी वाचून राहिले होते. भोसले, हजर. चाकुरे, हजर. आणि पुढचं नाव माझ्याच तोंडून माईकवर आलं —

"येळणुरे भाग्यश्री."

"हजर, मॅडम!"

तिसऱ्या बाकावर. दोन वेण्या. मी म्हटलं, तुझं गाव? म्हणे, लोहा तालुका. म्हटलं, येळणूरचे का तुम्ही? म्हणे, "येळणूर? ते कुठं हाय, मॅडम?"

चाकूरचे ते चाकुरे. मग येळणूरचे कोण?! गावात राहतो तोवर गावाचं नाव कुणी लावत न्हाई. गाव सोडलं की दुसरीकडची माणसं त्याच नावानं हाक मारतात. मेलेल्या गावाचं आडनाव लावायला माणूस उरतो कुठं!

मी वाचत गेले. शेळंबकर, जळकोटचा. हजर. खाली आणखी एक शेळंबकर, उदगीरचा. हजर. हंचगाळे, देगलूर. हजर! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, माईकमधून माझा श्वास ऐकू येऊन राहिला, आणि दोनशे पोरं बघून राहिली की मॅडमला झालं काय.

हणमंतराव सर दारातून म्हणाले, "मॅडम, किती वेळ? हजेरी संपली न्हाई का अजून?"

म्हटलं, न्हाई सर. आत्ता सुरू झाली.